उपचारासाठी परदेशी जावं लागतं ते नेमकं कधी? (नाशिकच्या रुग्णांसाठी माहिती हवी आहे)

गंगापूररोड_ताई

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण नाशिकमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांना माहिती देण्याचं काम करतो. "पेशंटला बाहेर न्यायचंय, कुठे नेऊ?" हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. कॅन्सर म्हटलं की सिंगापूर नाहीतर ह्यूस्टन, लहान मुलाचा दुर्मिळ आजार म्हटलं की अमेरिका, किडनी म्हटलं की "अमुक देशात लगेच मिळते म्हणे". आणि त्याच वेळी लंडन-टोरांटोत स्थायिक झालेले नाशिककर दात आणि गुडघे करून घ्यायला इकडे येतात.

मला हे हवंय: लोक देश ओलांडून उपचाराला जातात त्यामागची खरी कारणं कोणती, त्यातली आज आपल्याला कोणती लागू होतात, आणि जायचंच ठरलं तर कागदपत्रं, पैसे, प्रवास यांत माणसं कुठे अडकतात? धीर देणारे शब्द आमच्याकडे आहेत, तपशील कमी पडतो.

किरणोपचार_नाशिक

ताई, कुटुंबाला पहिला प्रश्न असा विचारा: तिकडे असं काय आहे जे इथे नाही? उत्तरात यंत्र, औषध, विशिष्ट डॉक्टर, रांग, कायदा किंवा खर्च यांपैकी काहीतरी नेमकं आलं पाहिजे. "तिकडे सगळं चांगलं असतं" एवढंच उत्तर आलं, तर आजार नीट समजून घ्यायचाच राहिलाय असं धरा आणि आधी इथेच दुसरं मत घ्यायला लावा.

यंत्रापासून सुरू करतो. पूर्वी कॅन्सरवरच्या प्रोटॉन किरणोपचारासाठी देशाबाहेर जाण्याला पर्याय नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईत अपोलोचं प्रोटॉन केंद्र सुरू झालं आणि २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या अॅक्ट्रेकमध्येही प्रोटॉनवर उपचार सुरू झाले. म्हणजे जे ह्यूस्टनला होतं ते आता कसारा घाट उतरल्यावर काही तासांवर आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतो, पलीकडच्या पेशींना डोस जवळपास जात नाही. म्हणून त्याचा खरा उपयोग लहान मुलांच्या मेंदू-मणक्याच्या गाठी, कवटीच्या तळाचा कॉर्डोमा (हाडातली दुर्मिळ गाठ), किंवा आधी किरण दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ आली तर. प्रोस्टेट आणि स्तनाच्या बहुतेक रुग्णांना चांगल्या लिनॅकवरचा (नेहमीच्या क्ष-किरणांनी उपचार करणाऱ्या यंत्रावरचा) उपचार पुरतो, आणि लिनॅक नाशिकमध्येच आहेत. शिवाय प्रोटॉनचा कोर्स साधारण आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. परदेशी रुग्णालयाच्या कोटेशनमध्ये या दीड-दोन महिन्यांचं घरभाडं आणि सोबत्याचा खर्च धरलेला नसतो.

कार्बन आयनचं, म्हणजे प्रोटॉनपेक्षा जड कणांच्या किरणोपचाराचं, वेगळं आहे. ती सोय भारतात नाही. जर्मनीत हायडेलबर्ग, इटलीत पाविया, जपानमध्ये चिबा अशी मोजकी ठिकाणं आहेत. माकडहाडाच्या वरच्या सेक्रम भागातला कॉर्डोमा, लाळग्रंथींचा अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा अशा थोड्या आजारांत शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर बाहेर जाण्याचा विचार मी स्वतः सुचवीन.

आता औषध. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. भारतात मंजूर नसलेलं औषध रुग्णाने तिकडे जाऊनच घ्यावं लागतं असं नाही, ते रुग्णाच्या नावावर इकडे आणता येतं. औषध नियम १९४५ मध्ये वैयक्तिक वापरासाठीच्या आयातीची तरतूद आहे: फॉर्म १२ए भरून सीडीएससीओकडे (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे) अर्ज, आणि परवाना मिळतो तो १२बी. सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. अर्ज अडतो तो बहुधा याच कागदावर: फक्त ब्रँडचं नाव लिहिलेलं असतं, ताकद, दिवसाचा डोस आणि एकूण नग नसतात, किंवा मागितलेले नग आणि लिहिलेला डोस यांचा हिशोब जुळत नाही. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असेल तर मुंबई विमानतळावर कस्टममधून सुटेपर्यंत ते थंड कोण ठेवणार हे कुरियरकडून लेखी घ्या. माल तिथे अडकून गरम झाला तर लाखांची कुपी टाकून द्यावी लागते.

दुर्मिळ आजारांसाठी अजून एक. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ च्या यादीतल्या आजारांवरची औषधं वैयक्तिक वापरासाठी आणली तर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात, म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये काम होऊ शकतं. हे प्रमाणपत्र माल यायच्या आधी हातात हवं.

कार-टी पेशी उपचाराचंही (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात) चित्र बदललं आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टीला मंजुरी मिळाली तेव्हा नुसत्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. खर्च अमेरिकेच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण ते उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठी आहे. फुप्फुसाच्या किंवा जठराच्या गाठीसाठी कुणी विचारत आलं तर स्पष्ट सांगा की हे त्यासाठी नाही.

क्लिनिकल ट्रायलसाठी (नव्या औषधाच्या चाचणीसाठी) जाणं हे प्रामाणिक कारण आहे, फक्त तिकीट काढण्याआधी निकषांची यादी इथल्या डॉक्टरांसोबत ओळीने तपासा. नाकारलं जाण्याची नेहमीची कारणं: रुग्ण दिवसाचा बराच वेळ अंथरुणावर असणं, क्रिएटिनिन किंवा बिलिरुबिन (किडनी आणि यकृताच्या तपासणीचे आकडे) मर्यादेबाहेर असणं, मेंदूत पसरलेला आजार, आणि शेवटच्या केमोनंतर ठरलेले आठवडे पूर्ण न होणं. ट्रायलच्या औषधाचे पैसे मागणाऱ्या ठिकाणापासून चार हात लांब राहा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह यांवर 'स्टेम सेल' विकणारी परदेशी केंद्रं याच प्रकारातली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण ज्या आजारांत मान्य आहे ते सोडून बाकी सगळा वापर संशोधनात मोडतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कर्ज काढून निघालेल्या आईबापांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

पॅथॉलॉजी_सातपूर

वर "दुसरं मत" आलं आहे. ते घ्यायला माणूस हलवावा लागत नाही, ब्लॉक हलवावा लागतो. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, तो म्हणजे पॅराफिन ब्लॉक. त्यातून कापलेल्या पातळ चकत्या काचेवर चढवल्या की स्लाइड. बहुतेक नातेवाईक फक्त छापील रिपोर्ट घेऊन फिरतात. तिकडचा पॅथॉलॉजिस्ट रिपोर्ट वाचून मत देत नाही, तो स्लाइड स्वतः पाहतो. आणि निदान बदललं तर सगळी उपचाराची दिशाच बदलते, त्यामुळे परदेशाचा विचार करण्याआधी हे काम झालंच पाहिजे.

लॅबकडे लेखी अर्ज करून मागा: सगळ्या रंगवलेल्या स्लाइड, गाठीचा भाग भरपूर असलेला एक ब्लॉक, आणि जनुकीय तपासणीची शक्यता असेल तर ४-५ मायक्रॉनच्या दहा-पंधरा न रंगवलेल्या चकत्या, त्याही चार्ज्ड स्लाइडवर. साध्या काचेवर घेतल्या तर पुढच्या प्रक्रियेत चकती सुटून वाहून जाते. सगळे ब्लॉक एकदम कधीच पाठवू नका, एक तरी इथे राहू द्या. ब्लॉक नंबर, स्लाइडवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिन्ही जुळतात का ते काउंटरवरच बघा.

जनुकीय तपासणी फसते ती बहुतेकदा सुरुवातीलाच. नमुना १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये सहा ते बहात्तर तास हवा. शनिवारी काढलेला तुकडा लांब सुट्टीत तसाच पडून राहिला की डीएनए तुटतो. हाडाची बायोप्सी असेल तर ते मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की तोच प्रकार. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला आधीच सांगावं. तुकड्यात गाठीच्या पेशी साधारण वीस टक्क्यांपेक्षा कमी असल्या तरी निकाल "अपुरा" म्हणून परत येतो, आणि हजारो रुपयांची तपासणी वाया जाते.

स्कॅनच्या फिल्म नकोत, डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. अनेक सीडींवर फक्त दोन-चार निवडक चित्रं असतात, पूर्ण मालिका नसते. पेट स्कॅनचा मूळ डेटा काही दिवसांनी सेंटरवरून पुसला जाऊ शकतो, तेव्हा उशीर करू नका.

ब्लॉक नेताना एक साधी काळजी: मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडून तुकडा हलतो. स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइड-डबीत, ब्लॉक वेगळ्या छोट्या डबीत कापसात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला टाटामध्ये स्लाइड देता येतात, त्यासाठी रुग्णाला दगदग करायची गरज नाही. जाण्याआधी तिथली नोंदणीची पद्धत बघून घ्या.

अवयवदान_समन्वयक

किडनीबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. "तिकडे लगेच मिळते" याचा अर्थ बहुतेक वेळा कुणा गरिबाची विकत घेतलेली किडनी. अवयवांच्या व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय इस्तंबूल जाहीरनाम्याने यालाच प्रत्यारोपणाच्या नावाखालचा व्यापार म्हटलं आहे. नैतिक बाजू आहेच, शिवाय रुग्णाच्या जिवालाही धोका असतो: दात्याच्या कावीळ-बी, कावीळ-सी, एचआयव्ही, क्षयाच्या तपासण्यांचे कागद नसतात, शस्त्रक्रियेनंतर घाईने परत पाठवतात, आणि इथल्या नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीतज्ज्ञाला) कोणतं इंडक्शन औषध (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून सुरुवातीला देतात ते) दिलं हेही कळत नाही. त्यात बुरशीचे संसर्ग आले तर किडनीही जाते आणि माणूसही.

कायदेशीर वाटा संपल्या आहेत का ते आधी बघा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नात्यात धरली जातात, आणि रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांमध्ये अदलाबदलही करता येते. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवायला फेब्रुवारी २०२३ पासून रहिवासाची अट आणि ६५ वर्षांची मर्यादा राहिलेली नाही. नाशिकची नोंदणी पुण्याच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे), प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते.

कायदा चुकवण्यासाठीच्या इतर प्रवासाबद्दल, म्हणजे गर्भाचं लिंग निवडायला बाहेर जाणं वगैरे, ताईंसारख्या माहिती देणाऱ्यांनी माहिती देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

गंगापूररोड_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लॉकचा मुद्दा आम्ही आजपासून सांगायला घेतो. समजा सगळं तपासून झालं आणि खरोखरच जायचं ठरलं. मग पैसे कसे पाठवायचे, व्हिसाला काय लागतं, आणि आजारी माणसाला विमानात बसवताना काय बघायचं?

फॉरेक्स_कॉलेजरोड

पैशांचं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत एका व्यक्तीला एप्रिल ते मार्च या वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचाराचा खर्च त्याहून जास्त असेल तर इथल्या डॉक्टरांचं किंवा परदेशी रुग्णालयाचं अंदाजपत्रक दाखवून बँक पुढची रक्कमही सोडू शकते, हे अनेकांना ठाऊक नसतं. सोबत जाणाऱ्याची मर्यादा वेगळी असते.

ए-टू फॉर्मवर (पैसे पाठवताना बँकेत भरायचा अर्ज) उद्देश 'वैद्यकीय उपचारासाठी प्रवास' असाच लिहिला जाईल हे बघा, त्याचा कोड एस०३०४. घाईत 'नातेवाइकाला मदत' किंवा 'भेट' असं टिकमार्क झालं तर टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक घेते त्या आगाऊ कराचा) दर बदलतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यावर वैद्यकीय कारणाला सवलतीचा दर आणि इतर बहुतेक कारणांना २० टक्के. ही रक्कम विवरणपत्रात परत मागता येते, पण तोवर ती अडकून पडते, आणि नेमका तेव्हाच एकेक रुपया हवा असतो.

रुग्णालयाकडून 'पॅकेज' आलं की त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. आयसीयूचे जादा दिवस, रक्त, पॅथॉलॉजी, भूलतज्ज्ञांची फी आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर तो खर्च बहुधा बाहेर असतो. परदेशी रुग्णाकडून सगळी रक्कम आगाऊ मागण्याची पद्धत सर्रास आहे. उरलेले पैसे किती दिवसांत आणि कुणाच्या खात्यात परत येतील हे ईमेलवर लिहून घ्या. विम्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या साध्या आरोग्य विम्याची हद्द भारतापुरतीच असते, महात्मा फुले योजना फक्त नोंदणीकृत रुग्णालयांत चालते, आणि प्रवास विमा ठरवून घेतलेल्या उपचाराचे पैसे देत नाही.

व्हिसा. अमेरिकेच्या बी-२ साठी (पर्यटन आणि उपचारासाठीचा भेट-व्हिसा) तीन गोष्टी तयार ठेवा: इथल्या डॉक्टरांचं निदान आणि बाहेर का जावं लागतंय हे सांगणारं पत्र, तिकडच्या रुग्णालयाचं, उपचाराला तयार आहोत, इतके दिवस लागतील, इतका खर्च येईल असं सांगणारं पत्र, आणि पैसे कोण भरणार याचा पुरावा. ब्रिटनचा वैद्यकीय भेटीचा व्हिसा सहसा सहा महिन्यांचा, लांब उपचाराला अकरा महिन्यांचाही मिळतो, मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयाची तपासणी लागते.

सगळ्यात जास्त अडचण नावांची होते. केसपेपरवर 'सौ. मंदाबाई', आधारवर 'मंदा', पासपोर्टवर 'मंदाकिनी', कुठे माहेरचं आडनाव. परदेशी रुग्णालय दोन वेगळे रुग्ण समजून रिपोर्ट जोडतच नाही. पहिल्याच दिवशी सगळे केसपेपर पासपोर्टप्रमाणे करून घ्या.

भूलतज्ज्ञ_इंदिरानगर

विमानाच्या केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा असतो. प्राणवायू कमी पडतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते, धोका या दोन गोष्टींचा.

फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर उड्डाण नको. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत नको. कोणता वायू त्यावर दोन ते आठ आठवडे, नाहीतर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. दुर्बिणीतून छोटी शस्त्रक्रिया झाली असेल तर एक-दोन दिवस, पोटाची मोठी किंवा छातीची, बायपासची असेल तर किमान दहा दिवस. ही कमीत कमी मुदत, अंतिम शब्द सर्जनचा. ताजं प्लास्टर असेल आणि ४८ तासांच्या आत उडायचं असेल तर ते उभं कापून घ्यावं लागतं. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर आधी ते सुधारा.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात सहसा चालत नाही. एअरलाइनचा मेडिफ (रुग्णाची वैद्यकीय माहिती देणारा) फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या, बहुतेकांना तो ४८ ते ७२ तास आधी लागतो. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) नेत असाल तर तो मान्य मॉडेलचा हवा, आणि बॅटरी उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरेल इतक्या. परतीचा हिशोब मुंबईला थांबत नाही हेही लक्षात घ्या. लांबच्या उड्डाणानंतर नाशिकपर्यंत पुन्हा चारेक तास गाडीत पाय लोंबकळत बसायचं, पायात रक्ताची गाठ व्हायला एवढं पुरतं. शक्य तर एक रात्र मुंबईत आडवं व्हा, रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन लागेल का ते सर्जनला विचारून ठेवा, आणि इगतपुरीच्या अलीकडे-पलीकडे दोनदा उतरून चाला.

औषधांबाबत सावध. वेदनेची ट्रामाडॉल, मॉर्फिन, झोपेची क्लोनाझेपाम, मज्जातंतूंची प्रीगॅबालिन या गोळ्यांवर दुबई, सिंगापूरसारख्या ठिकाणी कडक नियंत्रण आहे. आधी ऑनलाइन परवानगी काढा, मूळ वेष्टन आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा. गोळ्या डब्यात सुट्ट्या ओतून नेऊ नका.

दंतवैद्य_कॅनडाकॉर्नर

उलट्या दिशेच्या प्रवासाबद्दल. इकडे येणाऱ्यांची कारणं दोनच: तिकडची रांग आणि तिकडचं बिल. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) प्रतीक्षायादीत २०२५ मध्ये सत्तर लाखांहून जास्त नोंदी होत्या. अमेरिकेत दातांच्या विम्याला वर्षाची कमाल मर्यादा असते, ती एका इम्प्लांटमध्ये (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या कृत्रिम दातात) संपते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारी मर्यादा आली, त्यामुळेही इकडचं बिल कमी.

इम्प्लांटसाठी "दोन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं करून द्या" ही मागणी असते आणि तिथेच काम बिघडतं. स्क्रू हाडात घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या फेरीत स्क्रू, दुसऱ्या फेरीत वरचा दात, असं आधीच सांगा. लगेच दात बसवण्याची पद्धत आहे, पण ती हाड भरपूर आणि घट्ट असेल तेव्हाच. मधुमेह असेल तर येण्याआधीचा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) मागवा.

परत जाताना हातात कागद द्या: इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबरचा मूळ स्टिकर आणि शेवटचा एक्स-रे. हे नसेल तर सैल झालेला स्क्रू आवळायला टोरांटोतल्या डेंटिस्टकडे त्या मापाचा ड्रायव्हरच नसतो, आणि मग चांगला बसलेला इम्प्लांट काढावा लागतो. गुडघ्यालाही हेच स्टिकर लागतात. त्यांच्या फॅमिली डॉक्टरला हेही सांगायला लावा की रुग्ण भारतात दाखल होता. तिकडची रुग्णालयं अशा रुग्णाची प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी स्वॅबची तपासणी करतात आणि निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. आपला रुग्ण परदेशात दाखल झाला तरी त्याच्या बाबतीत हेच होतं. आधी माहीत असलं तर कुटुंब घाबरत नाही.